मंजुरीच्या प्रतीक्षेत बाबा

१ मार्च, शनिवार. सकाळी ७.१०

ठरलं. ‘देखरेख’ सगळ्यांसाठी खुलं करायचं.

दोन वर्षं एकटीने लिहिलंय. शनिवार-रविवार, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात बसून. बाबांची औषधं, ब्लडप्रेशर, डॉक्टरांच्या तारखा, त्यांच्याकडे कोण कधी जाणार, सगळं एका ॲपमध्ये. आजवर वापरणारी मी एकटीच. एकही तक्रार आलेली नाही.

पण बाबा बाथरूममध्ये पडले आणि गणित बदललं. खुब्याचं ऑपरेशन झालं. चोवीसला सुट्टी. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट आहे: घरी कोण कधी असणार याची नीट व्यवस्था दाखवा, नाहीतर सहा आठवडे शुश्रूषा केंद्रात ठेवा. काल बाबांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, तिकडे नको गं. एवढंच. मग टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

म्हणजे चोवीसच्या आत दादा, वहिनी, धाकटी आणि मी, चौघांचं जुळलं पाहिजे. हे एकटीचं काम नाही. मोठ्या मनाने मान्य करतेय.

संकल्प: टीमवर पूर्ण विश्वास. प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं. शेवटची मंजुरी माझी.

२ मार्च, रविवार

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये पहिली मीटिंग. धाकटी दुसऱ्या शहरात असते म्हणून फोनवर, साखरेच्या डब्याला टेकवून.

दादाने पहिल्याच मिनिटाला विचारलं, आपला फोनवरचा ग्रुप आहे की, त्याने काय घोडं मारलंय? दादा कारखान्यात सुपरवायझर. त्याला सिस्टीम आणि ग्रुप यातला फरक कळायला वेळ लागेल. हसले फक्त.

वहिनी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. ती म्हणाली, औषधांची नावं बाजूला राहू देत, आधी ‘सकाळ, दुपार, रात्र’ मोठ्या अक्षरांत येऊ दे. मी म्हटलं, फार छान सूचना, लेखी पाठव. ती म्हणाली, अगं समोर तर बसलीयेस, घे की लिहून. तिला प्रोसेस समजावून सांगितली. तिने माझ्या कपातला चहा स्वतःच्या कपात ओतून घेतला आणि पिऊन टाकला.

धाकटी खरीखुरी प्रोग्रामर, नोकरीच ती. म्हणाली, ताई, कोड पाठव, बघते.

पाठवला. सोबत ‘आधी हे वाचा’ नावाचं अकरा पानांचं टिपण. पान चारवर कोडमध्ये रिकाम्या ओळी कुठे सोडाव्यात ते आहे.

टीम उत्साही आहे. सुरुवात झकास.

४ मार्च, मंगळवार

धाकटीने एका दिवसात सहा बदल पाठवले. अक्षर मोठं केलं. औषध घेतलं की एका बोटाने टिक. बाबांकडे जायचं तर फक्त एक बटण, ‘मी येते’.

वेग चिंताजनक.

दोन घेतले, चार परत. प्रत्येकावर कारण दिलं, कुणी दुखावू नये म्हणून. शेवटी लिहिलं, ‘छान प्रयत्न! अशीच शिकत राहा.’

तिचं उत्तर आलं, ‘ताई, मी अकरा वर्षं हेच करतेय.’

नम्रता हा टीमवर्कचा पाया आहे. त्यावर एक परिच्छेद टिपणात घातला. आता बारा पानं.

६ मार्च, गुरुवार

नवऱ्याने जेवताना विचारलं, तू त्यांच्याकडे मदत मागितलीयेस की त्यांची परीक्षा घेतेयस?

तो विक्री विभागात आहे. गुणवत्तेशी त्याचा संबंध येत नाही.

वहिनीची सूचना अखेर लेखी आली. कागदावर, पेन्सिलने, सूर्य, दोन्ही काटे वर असलेलं घड्याळ आणि चंद्र काढून. फोटो काढून पाठवलाय. चित्रं गोड आहेत. फॉर्म भरलेला नाही. परत.

८ मार्च, शनिवार. दुपारी १२

आज एक मोठी सुधारणा. एकाच माणसाच्या हातात सगळं असणं बरं नव्हे, हे मी स्वतःहून ओळखलं. म्हणून यापुढे कुठल्याही बदलाला दोन जणांची मंजुरी लागणार.

धाकटीने विचारलं, पहिली तू, दुसरं कोण?

मी ऑफिसच्या ईमेलवरून आणखी एक खातं उघडलं.

नवऱ्याला हसू का आलं कळलं नाही. ऑफिसच्या खात्यात मी वेगळी असते. जास्त काटेकोर. खरंच, आज सकाळी घरच्या मी मंजूर केलेला धाकटीचा एक बदल ऑफिसच्या मी परत पाठवला. वाईट वाटलं, पण निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.

जाता जाता भेटींनाही तोच नियम लावून टाकला. हॉस्पिटलात एका वेळी एकालाच आत सोडतात. कुणीही उठून कधीही गेलं तर गोंधळ होईल.

१० मार्च, सोमवार

दादाने काल सकाळची भेट टाकली होती. ‘भेटीचं कारण’ हा रकाना रिकामा. नियमाप्रमाणे परत गेली. तरी तो गेलाच. नोंदीवर लाल शेरा मारावा लागला.

दादाचा फोन. बापाला भेटायला कारण लिहू? मी शांतपणे सांगितलं, लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. चार पर्याय आहेत.

थोड्या वेळाने त्याने भरलं. ‘इतर.’

प्रगती आहे.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ९

आज संध्याकाळी चारच्या भेटीसाठी दोन विनंत्या. दादा आणि वहिनी, दोघांच्याही. विशेष म्हणजे दोघांनी कारण भरलंय. निवड करावी लागेल. आज ऑफिसात दिवसभर माझं सादरीकरण आहे (विषय: ‘सोबत काम करण्याची कला’). चारच्या आधी वेळ काढून शांतपणे ठरवीन.

संध्याकाळी ७.४०

सादरीकरण उत्तम झालं. टाळ्या.

बाबांकडे कुणीच गेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ६.३०

काल काय झालं ते नीट लिहून काढते. चूक शोधायला हवी.

दादाच्या फोनवर ‘पेंडिंग’. वहिनीच्या फोनवर ‘पेंडिंग’. दादाला वाटलं, वहिनीचं मंजूर झालं असेल. शिवाय लाल शेरा एकदा खाऊन झाला होता, पुन्हा कशाला. वहिनीची शाळेत पालकसभा, तिला वाटलं, दादा गेला असेल. दोघांनाही वाटलं, नाहीतर ही आहेच.

म्हणजे सिस्टीम बरोबर चालली. माणसं चुकली.

नर्सने वहिनीला सांगितलं, बाबांनी दुपारी दाढी करून घेतली. निळा शर्ट मागितला. चार वाजल्यापासून दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. साडेसहाला म्हणाले, आता झोपवा मला.

इतका वेळ खुर्चीत बसायची परवानगी नाही त्यांना.

रात्री ९

सकाळीच उपाय शोधला. बाबांच्या खाटेशेजारच्या टॅबवरही आता एक पिवळी पट्टी येईल, ‘आपली भेट मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे’. म्हणजे काय चाललंय ते त्यांना कळत राहील. पट्टी सकाळी सातच्या आत तयार झाली. धाकटीला दाखवली. तिने लिहिलं, ‘ताई, आपण कुणाची तरी वाट बघतोय हे बाबांना कळत होतं.’

तिला मुद्दा समजला नाही. पट्टी पिवळी असावी की केशरी, एवढंच विचारलं होतं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत हॉस्पिटलात जाऊन आले. माझी भेट मी मंजूर करायला विसरले होते, तशीच गेले. बाबांनी विचारलं, तू जेवलीस का? निळा शर्ट अंगावर तोच होता.

१५ मार्च, शनिवार

दोन दिवस एकही नवा बदल नाही. एकही विनंती नाही. एकही भांडण नाही.

पेंडिंग: शून्य.

टीम स्थिरावली. नेमकं हेच हवं होतं. नियम एकदा अंगवळणी पडले की माणसं आपोआप शांत होतात. या मोकळ्या वेळात मी सगळी चिन्हं नव्याने काढली. थर्मामीटर अजून लाटण्यासारखं दिसतंय. बघते.

१७ मार्च, सोमवार

छोटी अडचण. ऑफिसच्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली. त्यामुळे दुसरी मंजुरी देणारी मी सध्या उपलब्ध नाही.

म्हटलं, तात्पुरता नियम बदलू, एकाच मंजुरीवर चालवू. पण नियम बदलायलाही दोन मंजुऱ्या लागतात. मीच तसं केलं होतं, कुणी गडबड करू नये म्हणून.

ऑफिसच्या आयटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, नव्या पासवर्डसाठी साहेबांची मंजुरी लागते आणि साहेब शुक्रवारपर्यंत रजेवर. मी म्हटलं, अहो, घरी आजारी माणूस आहे, एक साधं बटण दाबायचंय. तो म्हणाला, नियम आहे.

काय माणसं असतात एकेक.

एकूण, चोवीसचं वेळापत्रक माझ्या ॲपमध्ये कुलूपबंद आहे. आत मी, बाहेरही मी.

१८ मार्च, मंगळवार

टीमला विश्वासात घ्यायचं ठरवलं. तिघांना वेगवेगळे फोन केले.

वहिनी म्हणाली, असू दे गं, होईल. दादा म्हणाला, घाई नको, तू जिवाला त्रास करून घेऊ नकोस. दादा! धाकटी म्हणाली, सावकाश कर, ताई.

इतका समजूतदारपणा मी यांच्यात कधी पाहिला नव्हता. नेतृत्वाचा परिणाम हळूहळू दिसतो, तो असा.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले तर वहिनी आधीच हजर. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेत होती, म्हणून दोघींना आत सोडलं. तिला म्हटलं, त्यांनी वेळ बदललीय हे तुला कसं कळलं? म्हणाली, कळलं.

ती बाबांना पाय उचलायला सांगत होती आणि आकडे मोजत होती, पहिलीच्या वर्गात मोजतात तसे, पाचावर जोर देऊन. बाबा मुकाट्याने उचलत होते. मी मोजायला लागले असते तर म्हणाले असते, मला येतात आकडे.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरांची भेट. व्यवस्था दाखवायची होती आणि माझ्या स्क्रीनवर अजून तेच कुलूप. वाटेत वाक्यं जुळवली: तांत्रिक कारणास्तव, लवकरच, आपल्या सहकार्याबद्दल.

एकही वापरावं लागलं नाही. डॉक्टरांनीच सुरुवात केली. वेळापत्रक पाहिलं, म्हणाले, व्यवस्थित आहे, रात्रीच्या नर्सचंही धरलंय, सोमवारी घरी न्या. कुणी केलं?

मी मान किंचित खाली घातली. म्हटलं, टीमचं काम आहे.

शुश्रूषा केंद्राचा फॉर्म त्यांनी माझ्यासमोर फाडला. इतकं बरं वाटलं की लिफ्टमध्ये एकटीच हसत होते.

संध्याकाळी ५.१५

एक शंका. माझं ॲप सोमवारपासून बंद आहे. डॉक्टरांनी पाहिलं काय?

जुनी प्रत साठवलेली असणार टॅबवर. हो, तसंच.

जुन्या प्रतीत रात्रीची नर्स कशी? तिला तर कालच ठरवलं.

उद्या बघू.

२२ मार्च, शनिवार. दुपारी ३

काल बघितलं नाही. आज बघावं लागलं.

बाबा चांगल्या मूडमध्ये होते. म्हणाले, तुझं ते ॲप आता बरं झालंय हं. आधी फार प्रश्न विचारायचं. मी म्हटलं, सुधारणा चालूच असतात. ते म्हणाले, नाव बदललंस तेही चांगलं केलंस. ‘देखरेख’ वाचलं की मला वाटायचं, बांधकाम चाललंय, माझ्यावर मजला चढवतायत.

मी टॅब हातात घेतला.

‘बाबांकडे.’ मोठी अक्षरं. वहिनीचा सूर्य, वहिनीचं घड्याळ, वहिनीचा चंद्र, पेन्सिलच्या रेघांसकट. एक बटण: ‘मला यायचंय’. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: ‘ताईच्या देखरेखवरून.’ तयार केल्याची तारीख तेरा मार्च. वेळ सकाळी सात वाजून वीस मिनिटं.

म्हणजे मी पट्टीचा रंग ठरवत होते तेव्हा.

जिन्यात जाऊन धाकटीला फोन केला. पहिल्यांदा मी काय बोलले ते लिहीत नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ताई, कोड खुला करताना ‘कुणीही प्रत काढून वापरू शकतं’ यावर तूच टिक केलीयेस. ते खरं आहे. त्या दिवशी मला उदार वाटत होतं.

म्हणाली, तुझं काही पाडलेलं नाही. औषधांचा भाग तर एक ओळही न बदलता ठेवलाय. एकमेकांना चालणारी-न चालणारी औषधं तू दोन वर्षं ज्या बारकाईने लिहिलीयेस ना, ते मला जन्मात जमलं नसतं. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत? ती म्हणाली, सांगायचा विचार होता. पण तू मंजुरी दिली नसतीस.

मी विचारलं, मग तिकडे मंजुरी कोण देतं?

म्हणाली, बाबा.

बाबा! जिन्याच्या दारासमोरून एक वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत चालला होता, तो थांबला.

बाबांनी तीस वर्षं बस डेपोत ड्युट्या लावल्या. तीनशे ड्रायव्हर-कंडक्टर, प्रत्येकाची रजा, प्रत्येकाचे रुसवेफुगवे. पेन्सिलने, खोडरबर शर्टाच्या खिशात. मला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? लहानपणी त्यांच्या चार्टांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी चित्रं काढलीयेत. पण दोन वर्षांत माझ्या ॲपमध्ये बाबांचं ब्लडप्रेशर होतं, वजन होतं, किती ग्लास पाणी प्यायले ते होतं. बाबांनी स्वतः दाबायचं असं एकही बटण नव्हतं.

परत खोलीत गेले. त्यांना विचारलं, हे माझं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं? म्हणाले, हो की. मग कौतुक माझं कशाला केलंत? म्हणाले, तू इतकी मन लावून करत होतीस. तुला कुणीतरी बरं म्हणायला हवं होतं.

मी खिडकीचे पडदे सारखे केले. ते सारखेच होते.

२३ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला. आपल्या कामाची कुणी प्रत काढणं, म्हणजे त्या कामाचा गौरवच. तेव्हा प्रकल्प यशस्वी झालाय, असंच म्हणायला हवं. माझी भूमिका आता ज्येष्ठ मार्गदर्शकाची.

मार्गदर्शन म्हणून धाकटीला सात बदल पाठवले. अपेक्षा: सविस्तर चर्चा.

तिने दहा मिनिटांत पाच घेतले. एक दुरुस्त करून घेतला. एकावर लिहिलं, ‘हे बाबांना विचारते.’ बस. बारा पानं नाहीत, समजावणं नाही.

इतकं सोपं असतं? मग मी कुठे दमले होते?

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६

बाबा घरी आले.

दादाने वॉकरला रबर लावून आणलं होतं. वहिनीने बाथरूमपर्यंत जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, पावलं कुठे टाकायची ते कळावं म्हणून. धाकटी दोन आठवड्यांसाठी आलीय, बाबांच्या जेवणाच्या टेबलावर तिचं ऑफिस. सगळे कामात. कुणी कुणाला विचारत नव्हतं. टॅबवर बघायचे आणि उठायचे.

मीही बघितलं. सोमवार: दादा. मंगळवार: वहिनी, शाळेनंतर. बुधवार: दादा. गुरुवार, शुक्रवार: धाकटी. खाली नर्स, वर नर्स.

माझं नाव कुठेच नाही.

धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, तू मला काढलंस? ती म्हणाली, काढलं नाही गं, तू मागितलंच नाहीस. मी म्हटलं, मागायचं कशाला, मी असतेच की. ती म्हणाली, ते तुझ्या ॲपमध्ये. इथे सगळेच मागतात. दादानेसुद्धा मागितलंय.

ओट्यापाशी उभं राहून फोन काढला. ‘मला यायचंय.’ गुरुवार, चार वाजता. कारण विचारलं नाही. मीच उगाच लिहिलं, ‘तुमच्याशी बोलायचंय.’ मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

स्क्रीनवर आलं, ‘बाबांना विचारलंय.’

स्वयंपाकघराच्या दारातून ते दिसत होते. टॅब वाजला. त्यांनी चष्मा शोधला, पुसला, लावला. वाचलं. मग टॅबवर बोट ठेवून आठवडा वरून खाली पूर्ण बघितला, एकेक दिवस. पुन्हा वर गेले. दादा त्यांना काहीतरी विचारायला आला तर हाताने थांबवलं. मी समोर दहा पावलांवर होते, त्यांना हाक मारता आली असती. मारली नाही. दोघांनीही.

अकरा मिनिटं लागली. मी मोजली.

मग माझा फोन वाजला.

‘गुरुवार भरलाय. नर्स पहाटे साडेपाचला जाते, दिवसाची आठला येते. ते अडीच तास रोज रिकामे आहेत. मंगळवारपासून तू. नवीन माणसाला पहिली ड्युटी पहाटेचीच असते. बोलायला ती वेळ चांगली, कुणी उठलेलं नसतं.’

रोज! साडेपाच म्हणजे पावणेपाचला घरातून निघावं लागेल. ऑफिस आहे, झोप आहे, माझं काही म्हणणं असू शकतं. दुरुस्ती सुचवायला जागा कुठे आहे ते शोधलं.

खाली एकच बटण होतं. ‘बरं.’

दाबलं.